जुन्या सेडानचा ताळेबंद

मोटारगाडी ही घसारा होणारी मत्ता आहे, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. वाहनविम्यातील रूढ कोष्टकानुसार सहा महिने ते एक वर्ष वयाच्या गाडीच्या मूल्यातून १५ टक्के, तर चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीच्या मूल्यातून ५० टक्के घसारा वजा केला जातो. पाच वर्षांपुढे हे कोष्टक थांबते आणि मूल्य विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. या कोष्टकात एक गोष्ट मात्र कोठेही नोंदलेली नसते. गाडीची किंमत घसरते. तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. नवेपणी पंधरा लाखांची असलेली गाडी दीड दशकाने दोन लाखांत मिळाली, तरी तिचा क्लच, तिचे ब्रेक आणि तिचा टर्बोचार्जर हे पंधरा लाखांच्या गाडीचेच राहतात. जुन्या शक्तिशाली सेडान गाड्यांच्या व्यवहारात होणाऱ्या बहुतेक निराशेचे मूळ या एका वाक्यात आहे.

भिलाईसारख्या नगरात हा विषय केवळ पुस्तकी नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिलेला पोलाद कारखाना आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झालेली त्याची पहिली झोतभट्टी यांच्याभोवती देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे येऊन वसली; त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. सेक्टरांमधील रुंद, सरळ, झाडांच्या सावलीतले रस्ते, दारापुढे गाडी उभी करण्यापुरती मोकळी जागा आणि राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा या मार्गाने नागपूरला नेणारा सुमारे २६० किलोमीटरचा राष्ट्रीय महामार्ग ५३, अशी सर्व अनुकूलता असताना चांगल्या गाडीची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. पाळ्या करीत असताना जी गाडी केवळ पाहिली, ती सेवानिवृत्तीच्या वर्षी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून घ्यावी, अशी इच्छा अनेकांच्या मनात असते. इच्छेत गैर काहीच नाही. ती रक्कम पुन्हा उभी राहणारी नसते, एवढेच ध्यानात ठेवावयाचे.

अशा गाड्यांपैकी काहींचा जन्म महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथील कारखान्यातून २००१ पासून स्कोडा ऑक्टेव्हिया बाहेर पडू लागली. २००४ मध्ये तिची आरएस आवृत्ती आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती ही त्या काळच्या भारतीय रस्त्यांवर दुर्मीळ गोष्ट होती. काटेकोर बोलायचे तर ती सेडानसारखी दिसणारी, परंतु मागील काचेसकट डिकी उघडणारी गाडी. तरीही व्यवहारात तिला सर्वजण सेडानच म्हणत आले. पुढे पुण्याजवळील रांजणगाव येथून फियाट लिनियाची टी-जेट ही टर्बो आवृत्ती आली आणि २०११ मध्ये लॉरा आरएस. या गाड्या आज जुन्या बाजारात दिसतात, त्या बहुधा लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या असतात.

किलोमीटरचा आकडा मोठा असणे हा स्वतः दोष नव्हे. महामार्गावर सलग धावलेले दीड लाख किलोमीटर हे सेक्टरमधून सिव्हिक सेंटरपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांनी भरलेल्या साठ हजारांपेक्षा इंजिनाला पुष्कळदा सोसवतात. छोट्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही, तेलात उतरलेला ओलावा व पेट्रोलचा अंश उडून जात नाही आणि तेल गढूळ होत जाते. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावरच फिरतो. म्हणून आकड्यापेक्षा नोंदवही महत्त्वाची. सेवेच्या पावत्यांवरील किलोमीटर, विम्याच्या जुन्या कागदांवरील नोंदी आणि मीटरवरील आकडा परस्परांशी जुळतात का, हे लेखापरीक्षकाच्या नजरेने पाहावे. पावत्या नसलेली कमी धावलेली गाडी आणि पावत्यांसह दुप्पट धावलेली गाडी समोर असतील, तर दुसरी निवडणे अधिक शहाणपणाचे.

गाडी कोठे राहिली, हेही विचारावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून दूरच्या गावी विकली जाते आणि वायरिंगचे दुखणे दोन वर्षांनी वर येते. सीटखालच्या पट्ट्यांवरील गंज, पट्ट्याच्या शेवटच्या टोकावरील चिखलाची रेघ, गालिच्याखालचा कुबट वास या खुणा लपवणे कठीण असते. दिल्ली परिसरातून आलेल्या गाड्यांचा प्रकार निराळा. तेथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर निर्बंध घातले. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांत काही शिथिलता दिली. परंतु मधल्या काळात तेथील अनेक गाड्या स्वस्तात परराज्यांत गेल्या. त्या वाईटच असतात असे नाही. मात्र त्यांच्या स्वस्ताईत ना हरकत प्रमाणपत्र, छत्तीसगडमधील नवी नोंदणी आणि येथे भरावा लागणारा मोटारकर मिळवला, की फरक पुष्कळ कमी होतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. उदाहरण म्हणून एखाद्या कुटुंबाने दोन लाख रुपयांना अशी गाडी घेतली असे समजू. जुन्या गाडीवर वाहनकर्ज देताना बँका सामान्यतः कर्जफेडीच्या अखेरीस गाडीचे वय किती होईल, याची मर्यादा पाळतात. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीसाठी ग्राहक बहुधा वैयक्तिक कर्जाकडे वळतो. दोन लाखांचे कर्ज, द.सा.द.शे. १२ व्याजदर, तीन वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता ६,६४३ रुपये येतो. सर्वसाधारण ग्राहकाचा हिशेब येथेच संपतो. वास्तविक तो येथे सुरू व्हावयास हवा.

पहिल्या वर्षी सज्जतेचा खर्च येतो. टायमिंग बेल्ट, त्याचा ताणक व वॉटर पंप, सर्व तेले व फिल्टर, बॅटरी, ब्रेक, निलंबनातील रबरी बुश आणि बहुधा चारही टायर. आधीच्या मालकाने हे केले असल्याची पावती नसेल, तर केलेले नाही असे समजूनच चालावे. टायमिंग बेल्टबाबत तर तडजोड नको. ऑक्टेव्हिया आरएसच्या इंजिनात पट्टा तुटला की पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि काही हजारांत भागणारे काम इंजिनाच्या पुनर्बांधणीवर जाते. पट्ट्याची मुदत किलोमीटरवर असते तशी वर्षांवरही असते. कमी धावलेल्या गाडीचा पट्टाही वयाने जीर्ण होतो. पंप बदलताना धातूची पाती असलेला घ्यावा. मूळ पंपांपैकी काहींची प्लास्टिकची पाती कालांतराने तडकतात, आणि ते कळते तेव्हा मे महिन्याचा ४४ अंशांचा दिवस असतो व गाडी साकोलीच्या आसपास उभी असते.

या सज्जतेसाठी, दर गाडीच्या अवस्थेनुसार बदलतील तरी, खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवणे सुरक्षित. वरील उदाहरणात ती एक लाख होते. ती हाताशी नसेल तर गाडी दोन लाखांची नव्हे, सव्वा लाखाची पाहावी.

त्यानंतर राखीव निधी. झोतभट्टीच्या आतील उष्णतारोधक विटा झिजतात, हे भिलाईत कोणाला सांगावे लागत नाही. भट्टी कोसळण्याची वाट पाहिली जात नाही. मोठ्या दुरुस्तीचा काळ आधी ठरतो, साहित्य आधी येते आणि मगच भट्टी थांबते. हीच शिस्त घरच्या गाडीला लावणारे मात्र थोडे. त्यासाठी गाडीच्या नावाने दरमहा ५,००० रुपयांची स्वतंत्र आवर्ती ठेव उघडावी. तीन वर्षांत व्याज सोडूनही १,८०,००० रुपये जमतात, आणि क्लच किंवा टर्बोचार्जर गेला तरी घरातील दुसऱ्या कोणत्याही रकमेला हात लावावा लागत नाही. ज्या महिन्यात खर्च झाला नाही, तो महिना बचतीचा नसतो. त्या महिन्यातही बुश झिजत असतात.

हप्ता आणि राखीव निधी मिळून इंधनावाचून मासिक बोजा ११,६४३ रुपयांचा होतो. ९ टक्के दराने सात वर्षांच्या वाहनकर्जावर एवढाच हप्ता सुमारे सव्वासात लाखांच्या कर्जास पडतो. म्हणजे ‘स्वस्त’ जुनी सेडान पहिली तीन वर्षे घराच्या मासिक अंदाजपत्रकात एका नव्या लहान गाडीएवढीच बसते. चौथ्या वर्षापासून जुन्या गाडीचा हप्ता संपतो, नव्या गाडीचा चालू राहतो. हा जुनीच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. परंतु चौथ्या वर्षापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, निधी नसल्यामुळे, कित्येक गाड्या अंगणात ताडपत्रीखाली जातात.

इंजिनाच्या शक्तीचा परिणाम विम्यावरही होतो. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता गाडीच्या वयावर नव्हे, इंजिनाच्या घनक्षमतेवर ठरतो. १ जून २०२२ पासून १५०० सीसीवरील खासगी मोटारीसाठी तो ७,८९७ रुपये ठरला, तर १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये. वयाने गाडी कितीही उतरली तरी हा आकडा उतरत नाही. सर्वंकष विमा घेतला, तरी दाव्याच्या वेळी रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवरही तितकाच. शून्य घसाऱ्याचे संरक्षण एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

सुट्या भागांचा प्रश्न भिलाईत थोडा निराळा आहे. कारखान्यामुळे औद्योगिक वसाहतीत कुशल यंत्रकारांची वाण नाही. लेथवर बुश बनतो, ब्रेकची तबकडी रांधून समतल होते, नळीचे जोड तयार होतात. सेन्सर मात्र लेथवर बनत नाही. इंजिनाच्या संगणकाचे दोष वाचणारे योग्य उपकरण असलेले गॅरेज भिलाई, दुर्ग किंवा रायपूर येथे आहे का, हे खरेदीआधी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. कंपनीचे भारतातील भवितव्यही तपासावे. शेवरलेची विक्री देशात २०१७ अखेर थांबली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा गाड्यांना मागणी कमी म्हणून त्या आणखी स्वस्त मिळतात, आणि भाग मिळवताना ती स्वस्ताई परत करावी लागते. ऑक्टेव्हियाच्या बाबतीत दिलासा एवढा की तिचा सांगाडा व इंजिन फोक्सवॅगन समूहाच्या इतर गाड्यांशी सामाईक आहेत. भागाचा क्रमांक ठाऊक असला की शोध सोपा होतो.

पेट्रोलही बदलले आहे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि या गाड्या त्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे केंद्र सरकारनेही २०२५ मध्ये म्हटले. इंधनवाहिन्या दर सेवेच्या वेळी तपासून घेणे व टाकी महिनोन्महिने अर्धवट ठेवून गाडी उभी न करणे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

आता कायद्याची मुदत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. २०११ मध्ये नोंदलेल्या गाडीची मुदत २०२६ मध्ये पूर्ण होते, हे विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, विलंबाला दरमहा ५०० रुपये जादा आकार लागला, आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी शुल्क २०२५ मध्ये आणखी वाढवण्यात आले. त्यासाठी गाडी योग्यतेच्या तपासणीत उतरली पाहिजे. म्हणून मुदत संपण्याला वर्षाहून कमी काळ उरला असेल, तर नूतनीकरण विक्रेत्याकडूनच करवून घ्यावे किंवा तेवढी रक्कम किमतीतून वजा करावी.

सर्वांत कठीण निर्णय मोठ्या दुरुस्तीच्या वेळी येतो. दोन लाखांच्या गाडीला ८०,००० चा खर्च निघाला, की घरात दोन मते पडतात. एक म्हणते, ‘आतापर्यंत एवढे घातले, ते वाया कसे जाऊ द्यायचे?’ दुसरे म्हणते, ‘गाडीच्या किमतीच्या चाळीस टक्के दुरुस्तीवर कोण घालतो?’ हिशेबशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही मते चुकीची आहेत. आधी घातलेला पैसा बुडीत खर्च होय. पुढील निर्णयात त्याला स्थान नाही. आणि तुलना बाजारभावाशीही नव्हे. या ८०,००० रुपयांनी ही माहितीची गाडी आणखी किती वर्षे चालेल, आणि तेवढ्याच वर्षांसाठी दुसरी गाडी घेण्यास किती लागेल, हे दोन आकडे समोर ठेवावे. बेल्ट, पंप, बुश, टायर सर्व नवे असलेल्या गाडीत क्लच बसवणे बहुधा परवडते. कारण दुसऱ्या दोन लाखांच्या गाडीला हे सर्व पुन्हा आरंभापासून करावे लागेल. मात्र सांगाडा गंजला असेल, अपघातात वाकला असेल किंवा वायरिंगचा दोष दोनदा दुरुस्त करूनही परतला असेल, तर तेथे थांबावे.

थांबताना कागद पुरे करावेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना देय प्रमाणपत्र आणि नमुना ३५ घेऊन नोंदणी पुस्तकातील बोजा उतरवावा. विक्री केल्यास नमुना २९ व ३० वर सह्या करून हस्तांतरणाची नोंद खरोखर झाली, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. नोंद होईपर्यंत अपघाताचे दायित्व जुन्या मालकाकडे येऊ शकते. मोडीत काढल्यास नोंदणीकृत केंद्राकडूनच ठेव प्रमाणपत्र घ्यावे. नव्या खासगी वाहनाच्या मोटारकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना असून ती या प्रमाणपत्रावर मिळते. आवर्ती ठेवीत जी रक्कम उरली असेल, ती गाडीबरोबर जात नाही. ती खातेदाराचीच असते.