राखणदारावर नजर

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेला एक चिमुकला देश. तेथील बराचसा राज्यकारभार व व्यापार संगणकांच्या जाळ्यावरूनच चालतो.

सन २००७ च्या एप्रिल महिन्यात या जाळ्यावर मोठा हल्ला झाला. जगभरातील असंख्य संगणकांवरून खोट्या मागण्यांचा असा भडिमार झाला, की सरकारी कचेऱ्या, बँका व वृत्तपत्रे यांची संकेतस्थळे बंद पडू लागली. परदेशांतून येणारी संगणकीय वाहतूक काही काळ अडवावी लागली.

अशा वेळी दारे कायमची लावून घ्यावीत, प्रत्येक माणसावर पाळत ठेवावी, असे भयभीत मनास वाटते. एस्टोनियाने ती वाट धरली नाही. देशरक्षणासाठी संगणकतज्ज्ञांचे एक स्वयंसेवक दल उभे राहिले. व्यापार मात्र खुलाच राहिला. शिवाय, आपली माहिती कोणत्या सरकारी खात्याने केव्हा पाहिली, याची नोंद तेथील नागरिकास स्वतः पाहता येते. विनाकारण डोकावणारा अधिकारी शिक्षेस पात्र ठरतो.

घरास राखण हवीच. परंतु राखणदारावर घरधन्याची नजरही हवी. जेथे ही दोन्ही असतात, तेथेच दार निर्धास्तपणे उघडे ठेवता येते.

प्रश्न : नागरिकाची माहिती कोणी पाहिली, याची नोंद का ठेवावी?