असर दोनदा होते

रत्नागिरीजवळचं गाव सोडून मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागलो. शेठ दाऊदी बोहरा, जोडीदार आझमगडचा हनफी आणि मी कोकणी, म्हणजे शाफई. त्या काउंटरमागे तीस वर्षं उभं राहून जे शिकलो ते इथं लिहितोय.

१. गावात फातिहा संपली की अख्खी मशीद ‘आमीन’ने घुमायची. मुंबईतल्या पहिल्याच मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला, मी तसाच खणखणीत आमीन म्हटला आणि रांगेत एकटा पडलो. हनफी तो मनातल्या मनात म्हणतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आपली रीत म्हणजेच इस्लाम, असं समजून चाललो होतो. नमाज संपल्यावर शेजारचे म्हातारे हसून एवढंच म्हणाले, “कोकणी दिसतोस.” ते खेकसले असते तर त्या मशिदीची पायरी मी पुन्हा चढलो नसतो.

२. सगळेच असे हसत नाहीत. याच आमीनवरून इंग्रजांच्या काळात खटले झाले. १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे असा एक खटला आला, तेव्हा सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव न्या. सय्यद महमूद यांना त्यासाठी धर्मग्रंथ चाळावे लागले. एका शब्दासाठी हायकोर्ट!

३. असर म्हणजे दुपारनंतरची नमाज. शाफईंची असर वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की लागते (भर दुपारची मूळ सावली वगळून), हनफींची ती दुप्पट झाल्यावर. मुंबईत हा फरक साधारण तासाभराचा. शेठ जोहर आणि असर दुपारीच एकत्र पढून मोकळे होत. आधी मी जायचो, तोवर जोडीदार नटबोल्ट तोलायचा. मी परतलो की तो खिशातली टोपी झटकत निघायचा. मौलवी ज्यावर पानं भरतात, त्यावर आमच्या पाळ्या ठरल्या होत्या. गिऱ्हाईक कधी परत गेलं नाही.

४. ही चूक माझी. माहीमच्या मखदूम अली माहिमींचा उरूस होता. ते आम्हा शाफईंचे मोठे आलिम, त्यामुळे अभिमान जरा जास्तच. मी तबर्रुक, म्हणजे तिथला प्रसाद, आणला, तो जोडीदाराने घेतला नाही. नियाज-फातिहा त्याला पटत नसे. मी गिऱ्हाइकांसमोर त्याला ‘वहाबी’ म्हणून मोकळा झालो. आठ दिवस त्याने तोंड उघडलं नाही, वजनंसुद्धा न बोलता पुढे सरकवायचा. शेठना सगळं दिसत होतं, पण समजूत घालायला ते आले नाहीत. खिळ्यांचा टेम्पो आला तेव्हा हमालांना दुसरीकडे धाडून त्यांनी आम्हा दोघांना उतरवायला लावलं. पन्नास किलोचं पोतं, तागाचं, कोपऱ्यातून खिळ्यांची टोकं बाहेर आलेली. दोन्ही बाजूंनी एकदम उचललं नाही तर हात फाटतो. तिसऱ्या पोत्याला तो म्हणाला, “कोकणी, उचल.” मी माफी दुसऱ्या दिवशी मागितली, तीही पुटपुटत.

५. बोहऱ्यांचं मिसरी कॅलेंडर हिशेबावर चालतं, चंद्राची वाट बघत नाही. त्यामुळे शेठचा रमजान आमच्याआधी एक-दोन दिवस लागायचा. ते दोन दिवस आम्ही मागच्या जिन्यात उभं राहून चहा प्यायचो. उलट त्यांची ईद व्हायची तेव्हा आमचे रोजे चालू असत. शेठ शीरखुर्म्याचा डबा आणून कपाटावर ठेवत आणि बजावत, “मगरिबनंतर.”

६. एकतेच्या जलशांना मी गेलोय. बिर्याणी चांगली असते. व्यासपीठावर गळ्यात गळे घालणाऱ्यांपैकी एकाच्या मशिदीबाहेर, अमुक जमातीखेरीज इतरांनी आत येऊ नये, असा बोर्ड होता. मी तो वाचला आणि पुढच्या गल्लीत जाऊन नमाज पढलो. लग्नसंबंधांत आणि कब्रस्तानांत तर हे बोर्ड न लावताच असतात. माझ्या घरातही होते. मुलीसाठी स्थळं बघताना मी फक्त कोकणी घरांतच चौकशी केली.

७. शेठ गेले, दुकानही राहिलं नाही. जोडीदार आझमगडला परतला. आठवड्यातून एकदा त्याचा फोन येतो, बहुतेक चारच्या सुमारास.

“असर झाली?”

“माझी झाली. तुझी व्हायचीय.”

“मग बोल, वेळ आहे.”