किशोरवयातील समाजविघातक वर्तन आणि मेंदू

चोरी, मारामाऱ्या, शाळेतून पळून जाणे अशा तक्रारी घेऊन मानसोपचार विभागात येणारे पालक पुष्कळदा विचारतात, "डॉक्टर, एकदा मेंदूचा एमआरआय काढून पाहू या का?" प्रश्नामागील काळजी खरी असते. कर्ज काढून तपासणी करण्याचीही त्यांची तयारी असते. म्हणूनच या विषयात शास्त्राला नेमके काय ठाऊक आहे, हे येथे मांडीत आहोत.

किशोरवयात थोडेफार नियम मोडणारी मुले पुष्कळ असतात. पण ती सगळी एका जातीची नसतात, हे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली दाखवून दिले. एका गटातील मुलांचे वर्तन लहानपणीच बिघडते आणि प्रौढपणीही तसेच राहते. दुसऱ्या, संख्येने मोठ्या गटात ते किशोरवयात सुरू होते आणि बहुतांशी त्या वयाबरोबरच ओसरते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजवर चालू आहे. त्यांतील ६७२ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा ४५व्या वर्षी घेण्यात आल्या आणि निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. बालपणापासून वर्तन बिघडलेल्या ८० जणांत मेंदूच्या बाह्य थराचे, म्हणजे कॉर्टेक्सचे, क्षेत्रफळ सरासरीने कमी भरले. काही भागांत हा थर पातळही होता. केवळ किशोरवयात वाट चुकलेल्या १५१ जणांत मात्र, असे वर्तन कधीच नसलेल्यांच्या तुलनेत, असा व्यापक फरक आढळला नाही.

आमच्या मते या अभ्यासातील हा दुसरा निष्कर्ष पालकांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

पहिला निष्कर्ष मात्र जपून वाचावयास हवा. प्रतिमा ४५व्या वर्षीच्या आहेत. त्याच व्यक्तींच्या बालपणीच्या प्रतिमा उपलब्ध नाहीत. त्यामुळे मेंदूतील फरकामुळे वर्तन बिघडले, की धूम्रपान, मद्यपान, डोक्यास झालेल्या दुखापती अशा गोष्टींनी मेंदूवर परिणाम झाला, हे त्यांवरून ठरविता येत नाही. शिवाय ही सारी गटांची सरासरी आहे. एका मुलाची फिल्म प्रकाशासमोर धरून 'हा गुन्हेगार होईल' असे सांगू शकणारा तज्ज्ञ जगात नाही.

मेंदू आणि वर्तन यांचा संबंध मात्र निर्विवाद आहे. १९९९ साली अमेरिकेतील संशोधकांनी दोन तरुण रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एकीला पंधरा महिन्यांची असताना वाहनाचा अपघात झाला होता. दुसऱ्याच्या मेंदूतील गाठ तिसऱ्या महिन्यात शस्त्रक्रियेने काढली होती. दोघांच्याही कपाळामागील, प्रीफ्रंटल भागास इजा झाली होती. घरे सुस्थितीतील, आईवडील सुशिक्षित. तरीही दोघे खोटे बोलत, चोरी करीत आणि शिक्षेने बदलत नसत. प्रौढपणी याच भागास इजा झालेल्या रुग्णास काय योग्य हे सांगता येते, पण तसे वागणे जमत नाही. या दोघांना ते नीट सांगताही येत नव्हते. नीतीचे धडे शिकण्याचे साधनच धडे मिळण्यापूर्वी निकामी झाले होते. अशी उदाहरणे अर्थातच अत्यंत विरळ.

निरोगी मुलातही हा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. सुखाची व थराराची ओढ मात्र त्याआधीच प्रबळ झालेली असते. शांतपणे विचारले असता सोळा वर्षांचा मुलगा प्रौढाइतकेच समंजस उत्तर देऊ शकतो. मित्रांच्या घोळक्यात तोच मुलगा वेगळा वागतो. हा भेद कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. आपल्या २०१५च्या बाल न्याय अधिनियमानुसार, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास, त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणाम समजण्याची कुवत यांचे प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळ करते. परिणाम समजणे आणि ऐन वेळी स्वतःला आवरणे या दोन निरनिराळ्या क्षमता आहेत, हे मूल्यमापन करणाऱ्याने विसरून चालणार नाही.

आता तपासणीविषयी. फिट येणे, डोक्यास मार लागणे, स्वभावात एकाएकी पालट होणे किंवा मज्जासंस्थेच्या विकाराची अन्य लक्षणे असणे, अशा वेळी एमआरआय आवश्यक ठरू शकतो. एरवी तो पैसा वाचवावा. त्याऐवजी वर्तन कोणत्या वयात बिघडू लागले, हे नीट आठवून सांगावे. वयाच्या दहा वर्षांआधीच प्राण्यांना इजा करणे, आगी लावणे, वारंवार चोरी वा मारहाण करणे सुरू झाले असेल, तर 'मोठा झाला की सुधारेल' म्हणून थांबू नये. अशा मुलाची अतिचंचलता, वाचन-लेखनातील अडचणी, नैराश्य, व्यसन आणि घरातील मारहाण या सर्वांची चौकशी आम्ही करतो. उपचारात आईवडिलांच्या प्रशिक्षणाचा वाटा मोठा असतो. मूल लहान असेल तितका त्याचा उपयोग अधिक. त्यासाठी पहिल्या भेटीस आईबरोबर वडिलांनीही यावे आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकांचे जुने गठ्ठे सापडल्यास सोबत आणावेत.