ठाम ओढ नसताना दुसऱ्या करिअरची निवड

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत चार-सहा वर्षे घालवून, कट-ऑफच्या थोडे अलीकडे पुन्हा पुन्हा अडकून, वयाच्या सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी दुसरे काही करण्याचे ठरवणाऱ्या उमेदवाराला घरचे आणि समुपदेशक बहुधा पहिला प्रश्न एकच विचारतात, तो म्हणजे त्याला नेमके काय आवडते. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेतील अभ्यासिकांमधून बाहेर पडणाऱ्या अनेकांकडे या प्रश्नाचे उत्तर नसते. त्यामुळे आपल्यातच काही उणे आहे असे उमेदवाराला वाटू लागते, आणि मुलाने किंवा मुलीने मनापासून विचारच केलेला नाही असा ग्रह पालक करून घेतात. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, कारण आवड आधी आणि निवड नंतर हा क्रम वाटतो तितका पक्का नाही.

ज्या परीक्षेसाठी ही वर्षे खर्च झाली तिच्याकडेच पाहिले तरी हे ध्यानात येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने सहायक कक्ष अधिकारी, राज्यकर निरीक्षक आणि पोलीस उपनिरीक्षक या पदांसाठी संयुक्त पूर्व परीक्षा घेतल्या. मंत्रालयातील नस्तींवर टिप्पणी लिहिणे, व्यापाऱ्यांच्या करविवरणांची तपासणी करणे आणि पोलीस ठाण्यात गुन्ह्याचा तपास करणे ही तीन कामे इतकी भिन्न आहेत की तिन्हींसाठी सारख्याच उत्साहाने अर्ज भरणाऱ्याला त्यांपैकी एखाद्या कामाची उपजत ओढ होती असे म्हणता येत नाही. त्याला ओढ होती ती स्थैर्याची, मानाची आणि पावसावर अवलंबून नसलेल्या पगाराची, आणि त्यात कमीपणाचे काहीच नाही. ज्या समाजात बलुतेदारीने पिढ्यान्पिढ्या काम जन्मावरून ठरवले, तेथे परीक्षेने मिळणारे पद हे पुष्कळ घरांसाठी मुक्तीचेच साधन ठरले आहे. याचा अर्थ असा की या उमेदवाराने विशिष्ट कामाची ओढ नसताना एकदा निवड केलेली आहे आणि त्या निवडीसाठी वर्षानुवर्षे कष्टही उपसलेले आहेत. दुसऱ्या खेपेस मात्र त्याच्याकडे ओढीचा पुरावा मागितला जातो, हे विसंगत आहे.

व्यवसाय मार्गदर्शनाच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत गणले जाणारे फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात तरुणांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निवडीची तीन अंगे सांगितली गेली: स्वतःची ओळख, कामांच्या जगाची माहिती आणि या दोहोंचा मेळ घालणारा विवेक. आपल्याकडच्या मार्गदर्शनात यांतील पहिल्या अंगावर फार भर पडला आणि दुसरे दुबळे राहिले. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. खाजगी समुपदेशन केंद्रांतही अशा चाचण्या सर्रास होतात. त्यांपैकी अनेकांमागे जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून विकसित केलेली मांडणी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे असते. त्या मांडणीनुसार व्यक्तींचे आणि कामांचेही सहा प्रकार कल्पिले जातात: हातांनी व अवजारांनी करायचे, शोधक, कलात्मक, लोकसंपर्काचे व सेवेचे, पुढाकाराचे व विक्रीचे, आणि नोंदी-हिशेबांसारखे सुव्यवस्थेचे.

ज्या उमेदवाराला ठाम ओढ नाही त्याचा अहवाल पुष्कळदा सपाट येतो, म्हणजे सहाही प्रकारांत त्याला जवळपास सारखेच गुण मिळतात. याला अविभेदित आलेख असे म्हणता येईल. असा आलेख हाती आला की चाचणीचे शुल्क वाया गेले असे पालकांना वाटते, परंतु त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळण्यासारखी असते. प्रश्नावलीत अमुक काम करायला आवडेल का असे विचारले जाते, आणि ज्याने ते काम कधी जवळून पाहिलेलेच नाही तो कल्पनेवरून, चित्रपटावरून किंवा नातेवाइकांच्या बोलण्यावरून उत्तर देतो. विसाव्या वर्षापासून अभ्यासिका, मेस आणि खोली यांच्यातच वावरलेल्या तरुणाचा आलेख सपाट आला, तर त्याच्या स्वभावात रंग नाही असा अर्थ काढण्यापूर्वी त्याला किती कामे जवळून पाहता आली हे विचारणे जास्त शास्त्रीय ठरेल. चाचणी पुन्हा देण्यापेक्षा अनुभवात भर घालणे अशा वेळी अधिक फलदायी असते.

आवड कशी तयार होते याविषयी सुझान हिडी आणि के. ॲन रेनिंजर यांनी २००६ मध्ये मांडलेले चार टप्प्यांचे प्रारूप येथे उपयोगी पडते. आधी एखाद्या प्रसंगाने कुतूहल चाळवते, मग अनुकूल परिस्थितीमुळे ते काही काळ टिकते, ज्ञान आणि कौशल्य वाढू लागले की व्यक्ती स्वतःहून त्या विषयाकडे वळू लागते, आणि पुष्कळ उशिरा ती आवड व्यक्तिमत्त्वाचा स्थिर भाग बनते. ठाम ओढ म्हणून ज्याची अपेक्षा केली जाते तो हा चौथा टप्पा होय, आणि तो पहिल्याच दिवशी मागणे म्हणजे पेरणीच्या आधी मळणीची तारीख ठरवण्यासारखे आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आणखी एक धोका दिसून आला: आवड ही आत दडलेली, फक्त शोधून काढायची वस्तू आहे असे मानणाऱ्यांचा रस, विषय अवघड होताच, आवड घडवता येते असे मानणाऱ्यांच्या तुलनेत अधिक ओसरला. अवघड वाटले म्हणजे ते आपले क्षेत्रच नव्हे, हा घाईचा निर्णय या समजुतीतून होतो.

मग निवड कशाच्या आधारे करावी? अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९७८ मध्ये मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी दाखवले की माहिती आणि वेळ अपुरा असताना माणसे सर्वोत्तम पर्यायाचा शोध घेत बसत नाहीत. ती किमान अटी ठरवतात आणि त्या पूर्ण करणारा पुरेसा चांगला पर्याय स्वीकारतात. दुसरे करिअर निवडणाऱ्याने या अटी कागदावर लिहिणे आवश्यक आहे: घरभाडे आणि गावाकडे पाठवायचे पैसे धरून महिन्याला किमान किती रुपये लागतात, पहिला पगार किती महिन्यांत मिळायला हवा, घरच्या शेतीमुळे किंवा आईवडिलांच्या आजारपणामुळे गावाजवळ राहणे भाग आहे का, आणि दिवसभर बोलावे लागणारे, बैठे किंवा फिरतीचे यांपैकी कोणते काम निश्चितपणे नको. काय नको हे अनेकांना काय हवे यापेक्षा फार स्पष्टपणे सांगता येते, आणि तो कमी दर्जाचा पुरावा नव्हे.

परीक्षेची वर्षे पूर्ण वाया गेली हा सार्वत्रिक सूरही तपासून घ्यायला हवा. आता परत न मिळणाऱ्या गुंतवणुकीला अर्थशास्त्रात बुडीत खर्च म्हणतात, आणि पुढचा निर्णय तिच्या आधारे घेऊ नये असा संकेत आहे. मात्र खर्च बुडाला तरी कमावलेली क्षमता बुडत नाही. राज्यघटना, स्थानिक स्वराज्य संस्थांचे कायदे आणि शासन निर्णयांची भाषा यांची ओळख असलेल्या पदवीधराला शेतकरी उत्पादक कंपन्यांचे कार्यालय, सामाजिक संस्थांचे प्रकल्प, सहकारी पतसंस्था, गृहनिर्माण संस्थांचे व्यवस्थापन आणि जिल्हास्तरीय पत्रकारिता अशा ठिकाणी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सहकार खात्यातर्फे घेतली जाणारी जी.डी.सी. अँड ए. पदविका परीक्षा ही सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे नेणारी जुनी आणि काहीशी दुर्लक्षित वाट आहे. आकडेमोडीचा कंटाळा नसलेल्याने तिची माहिती अवश्य घ्यावी.

एवढ्यावरून एका पर्यायाची निवड न करता दोन-तीन पर्यायांची स्वस्त चाचणी घेणे इष्ट, आणि स्वस्त याचा अर्थ असा की चाचणी फसली तरी कर्ज आणि वर्ष दोन्ही वाचले पाहिजेत. त्या क्षेत्रातील तिघा-चौघांना भेटून पदनामाऐवजी त्यांच्या दिवसाच्या तासांविषयी विचारावे: किती वेळ फोनवर जातो, किती वेळ एक्सेलच्या तक्त्यांवर, किती वेळ वरिष्ठांची वाट पाहण्यात. नंतर काही आठवडे ते काम प्रत्यक्ष करून पाहावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार पदवीधरांनाही विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले, जरी प्रशिक्षणानंतर कायम नोकरीचा हक्क त्यातून मिळत नाही. शिक्षणाची भर घालायची असल्यास नोकरी सांभाळून शिकण्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. याउलट लाखाच्या घरात शुल्क घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत, काम एकदाही करून न पाहता, प्रवेश घेणे ही महागडी चाचणी होय.

पालकांची मुख्य चिंता अशी असते की ओढ नसलेल्या कामात मूल आयुष्यभर कुढत राहील. या बाबतीत ॲमी रेझनेव्स्की आणि सहकाऱ्यांचे १९९७ चे संशोधन बोलके आहे. काही जण कामाकडे केवळ चरितार्थ म्हणून, काही बढतीची शिडी म्हणून आणि काही जीवनकार्य म्हणून पाहतात, आणि महाविद्यालयांतील प्रशासकीय साहाय्यकांच्या एका छोट्या गटात, पद सारखेच असूनही, या तिन्ही दृष्टी जवळपास समप्रमाणात आढळल्या. गट लहान असल्याने त्यावरून मोठे सिद्धान्त काढू नयेत हे खरे, तरीही जीवनकार्याची भावना पदाबरोबर आपोआप येते आणि साध्या पदात ती येऊच शकत नाही, या समजुतीला त्यामुळे छेद जातो.

पालकांनी करण्यासारखी सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे पैशाची आणि मुदतीची स्पष्ट बोली, उदाहरणार्थ पुढील बारा महिने घरून किती रक्कम मिळेल आणि या काळात नातेवाइकांसमोर किंवा स्थळे पाहताना या विषयाची चर्चा होणार नाही. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांची ४३ असल्याने आणखी एक अटेम्प्ट देण्याचा मोह दीर्घकाळ जिवंत राहतो, म्हणून तो द्यायचा की नाही, आणि दिला तर नोकरी चालू ठेवून की सोडून, हेही त्याच बोलीत लिहून ठेवावे. नवी जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर घरात हा वाद नव्याने सुरू करण्यापेक्षा तो कागद काढून पाहणे दोन्ही पक्षांना सोयीचे पडते.