एक वकीलपत्र, दोन सह्या

बोर्ली पंचतन

चि. बाळ,


नगरपरिषदेच्या वकिलांच्या पॅनेलवर तुझं नाव लागल्याचं ताईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. एक गोष्ट मात्र आजच लिहितो, कारण ती तुझ्या टेबलावर यायला वेळ लागणार नाही.

दाव्यात प्रतिवादी क्रमांक एक नगरपरिषद असते आणि क्रमांक दोन तिचाच एखादा अभियंता, निरीक्षक नाहीतर गाडीचा चालक. कारकून एकच वकीलपत्र पुढे करतो. वर मुख्याधिकाऱ्यांची सही-शिक्का, खाली त्या कर्मचाऱ्याची सही. तो बिचारा निर्धास्त होतो, ऑफिसने वकील दिला म्हणून. ते वकीलपत्र स्वीकारलंस की तू त्याचीही वकील झालीस. फी नगरपरिषद देते, म्हणून तो अर्धा अशील ठरत नाही.

पुष्कळदा यात वावगं काही नसतं. चालकाची चूकच नव्हती, असं दोघांचंही म्हणणं असेल तर एक कैफियत पुरते. पण समज, खड्ड्यात दुचाकी जाऊन एक तरुण गेला. अभियंता तुला विश्वासाने सांगतो, ‘मॅडम, पावसाळ्याआधीच मी टिपणी पाठवली होती.’ तू फाइल मागवतेस. टिपणी आहे, आणि समासात शेरा आहे: ‘तूर्त निधी उपलब्ध नाही.’ खाली वरिष्ठांची आद्याक्षरं. अभियंत्याची सुटका त्या कागदात आहे आणि नगरपरिषदेची मान त्याच कागदात अडकते. हजर केलास तर एका अशिलाचा घात, दाबून ठेवलास तर दुसऱ्याचा.

‘शेवटी पैसे नगरपरिषदच भरते, मग भांडण कसलं?’ असं तुला ज्येष्ठही सांगतील. ऐकू नकोस. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच सांगितलं की अधिकाऱ्यांच्या मनमानीपोटी द्यावी लागलेली भरपाई जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल व्हावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे झालेल्या मृत्यूसाठी ६ लाख रुपये द्यायला सांगितले आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी, अभियंते, ठेकेदार यांच्याकडून वसूल करण्याची वाट मोकळी ठेवली. म्हणजे आज ज्याची बाजू तू मांडतेस, त्यालाच उद्या वसुलीची नोटीस निघू शकते, आणि तिचा मसुदाही पॅनेलवरच्या वकिलाकडेच येतो.

फौजदारी प्रकरणात तर धोका आणखी मोठा. २४ ऑगस्ट २०२० ला आपल्याच जिल्ह्यात महाडला तारिक गार्डन ही इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली. गुन्ह्यात बिल्डरबरोबर नगरपरिषदेच्या तत्कालीन मुख्याधिकाऱ्यांचं आणि बांधकाम निरीक्षकाचंही नाव आलं. दोष कोणाचा हे मी ठरवत नाही. पण परवानगी कोणी दिली, पाहणी कोणी केली, या प्रश्नांना सही करणारा एक उत्तर देणार, पाहणी करणारा दुसरं, आणि संस्था तिसरं. अशा वेळी तिघांना तीन वकील लागतात.

बार कौन्सिलचे नियम तू माझ्यापेक्षा ताजे वाचले आहेस. ३३ वा नियम सांगतो की ज्याच्यासाठी काम केलं, त्याच प्रकरणात त्याच्या विरुद्ध पक्षाकडून उभं राहायचं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३२ वं कलम अशिलाचं गुपित राखायला बांधतं. म्हणून दोघांत फाटलं की एकाला सोडून दुसऱ्याला धरू नकोस. दोघांचंही काम सोड. अभियंत्याच्या मनातलं ऐकून झाल्यावर नगरपरिषदेच्या बाजूने त्याचीच उलटतपासणी घेणं, याला मी विश्वासघातच म्हणेन.

आमच्याकडच्या ग्रामपंचायतींनाही हे लागू आहे. ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, पंचायतीत बसतो, पण नोकर जिल्हा परिषदेचा. सरपंच आणि तो एकाच वकिलाकडे येतात तेव्हा हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

तेव्हा सही घेण्याआधी त्या कर्मचाऱ्याला एकट्याला बसव. साहेब समोर नकोत. त्याला मराठीत, सावकाश सांग की नगरपरिषदेचं आणि तुमचं म्हणणं उद्या वेगळं होऊ शकतं, तसं झालं तर मी कोणाचीच वकील राहणार नाही, आणि तुम्ही स्वतंत्र वकील देऊ शकता. हे लेखी दे, पोच घे.

नेमणुकीच्या पत्रात ‘कर्मचाऱ्यांच्या वतीनेही काम पाहावे’ अशी सरसकट अट असली, तर हितसंबंध वेगळे असतील ती प्रकरणं वगळून घे. नाही म्हणाले, तर पॅनेल सोड. वकिली त्यावाचून अडत नाही.

तुझा,
मामा