मनातला काटा

परळी येथील वैजनाथाचे स्थान सर्वश्रुत आहे. वैद्यनाथ म्हणजे वैद्यांचा स्वामी. शरीर दुखू लागले की आपण वैद्याकडे धाव घेतो. परंतु मनही दुखते, हे आपण विसरतो.

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी परमुलखी जातात. कित्येक मुले आजीआजोबांजवळ मागे राहतात. अशा एखाद्या मुलाची झोप उडते, अन्न गोड लागत नाही, अभ्यासात चित्त रमत नाही. लोक त्यास 'आळशी' म्हणतात. वस्तुतः तो आळस नसून दुःख असते. पुष्कळ मनोविकार कुमारवयातच डोके वर काढतात. वेळीच उपचार झाल्यास ते आटोक्यात येतात.

मुलांनो, मन जड झाले तर घरच्या वडीलधाऱ्यांना अथवा गुरुजींना सांगा. भारत सरकारने २०२२ साली 'टेलि-मानस' सेवा सुरू केली. १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. एखादा सोबती अबोल झाला, तर त्याची चेष्टा करू नका, त्याच्याजवळ बसा. पायात रुतलेला काटा दाखविण्यात आपण लाज मानीत नाही. मग मनातला काटा दाखविण्यात लाज कसली?

प्रश्न : लोक ज्याला आळस म्हणतात, त्यामागे काय असू शकते?