परिचर्या-विद्यार्थिनीचा आठवडा : वर्ग, वॉर्ड आणि अर्थार्जन

कोणत्याही उच्च शिक्षणाचा खर्च दोन प्रकारचा असतो. शुल्क, पुस्तके, वसतिगृह, प्रवास हा उघड खर्च. शिक्षणाच्या काळात विद्यार्थ्याला जे उत्पन्न सोडावे लागते तो दुसरा खर्च, आणि त्याची पावती कुठेही फाडली जात नाही. अर्थशास्त्रात त्याला संधी-खर्च म्हणतात. कला किंवा वाणिज्य शाखेतील विद्यार्थी हा दुसरा खर्च बऱ्याच अंशी टाळू शकतो. सकाळचे महाविद्यालय आटोपून दुपारी दुकानात, कार्यालयात वा शिकवणीवर्गात काम करणारे हजारो विद्यार्थी महाराष्ट्रात आहेत. परिचर्या अर्थात नर्सिंगच्या विद्यार्थिनीला मात्र ही सोय जवळजवळ नाही. (विद्यार्थीही आता या शाखेत येतात, परंतु संख्येने स्त्रियाच अधिक असल्याने येथे विद्यार्थिनी असाच उल्लेख केला आहे.) या अडचणीचे कारण तिच्या वेळेच्या नियोजनात शोधण्याची प्रथा आहे. वस्तुतः ते अभ्यासक्रमाच्या घडणीत आणि त्या घडणीच्या इतिहासात आहे.

भारतीय परिचर्या परिषदेने बी. एस्सी. नर्सिंगसाठी तयार केलेली सुधारित नियमावली २०२१ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यानुसार चार वर्षांचा अभ्यासक्रम आठ सत्रांत विभागला गेला आणि श्रेयांक पद्धती लागू झाली. सत्रातील अध्यापनाचे वीस आठवडे व दर आठवड्याला ४० तास असा सर्वसाधारण हिशेब आहे. श्रेयांकांचे गणित विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे. वर्गातील व्याख्यानाचा आठवड्यातील एक तास म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेतील दोन तास म्हणजे एक श्रेयांक. रुग्णालयातील प्रात्यक्षिकाचे मात्र चार तास झाल्यावर एक श्रेयांक मिळतो. पहिल्या सत्रातील परिचर्या-मूलतत्त्वांचा विषय घेतला, तर वर्गातील १२० तासांना सहा श्रेयांक, प्रयोगशाळेतील ८० तासांना दोन आणि वॉर्डातील १६० तासांनाही दोनच श्रेयांक आहेत. म्हणजे ज्या ठिकाणी विद्यार्थिनीचा सर्वाधिक वेळ जातो, तेथील तासाचे शैक्षणिक मोल सर्वांत कमी.

यामागे तर्क नाही असे नाही. वॉर्डातील प्रत्येक तास नवे काही शिकवतोच असे नाही. तापमान व रक्तदाब नोंदवणे, अंथरूण बदलणे, औषधांच्या वेळा पाळणे ही कामे वारंवार करूनच अंगवळणी पडतात. परंतु एकदा अंगवळणी पडलेले काम पुन्हा पुन्हा करून घेतले जाते तेव्हा ते शिक्षण राहते की श्रम होते, हा प्रश्न उरतोच. रुग्णाला त्या श्रमाचा लाभ मिळतो, रुग्णालयाचा मनुष्यबळावरील भार हलका होतो. श्रम उत्पादक आहे, मोबदला मात्र अनिश्चित आहे.

शेवटच्या सत्रात हा प्रश्न अधिक ठळक होतो. नव्या अभ्यासक्रमातील आंतरवासिता २२ आठवड्यांची, आठवड्याला ४८ तासांची, एकूण १,०५६ तासांची आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारासाठी आठवड्याची जी कमाल मर्यादा घातली होती, तीही ४८ तासांचीच. मुद्दा असा की, त्या कामगाराला वेतनाचा कायदेशीर हक्क होता. परिचर्येच्या विद्यार्थिनीला मिळणारे विद्यावेतन मात्र राज्यागणिक आणि संस्थेगणिक बदलते. अनेक खासगी संस्थांत ते नाममात्र असते किंवा नसतेच.

हजेरीचा नियम या सर्वांवर कडी करतो. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ८० टक्के उपस्थिती हवी. पण पदवी मिळण्यापूर्वी प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक क्षेत्रातील उपस्थिती १०० टक्के पूर्ण करावी लागते. वरील उदाहरणातील १६० तासांपैकी १२८ तास भरले की परीक्षेचे दार उघडते. उरलेले ३२ तास माफ होत नाहीत, पुढे ढकलले जातात. आजारपण, घरातील लग्न, भावाचा अपघात, कारण काहीही असो, बुडालेली पाळी कर्जासारखी खात्यावर राहते आणि बहुधा सुट्टीत फेडावी लागते. सुट्टीत चार पैसे मिळवण्याचा बेत आखलेल्या विद्यार्थिनीची कमाई येथेच संपते. रुग्णाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. अर्धवट सराव झालेल्या हाती शिरेतून द्यावयाचे इंजेक्शन कोणी सोपवू नये. परंतु योग्य नियमाचाही खर्च असतो आणि तो कोणीतरी सोसत असतो.

आता आठवड्याचा हिशेब मांडून पाहू. हा केवळ उदाहरणादाखल आहे. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ आणि अभ्यासक्रमाचे ४० वजा केले की ७२ उरतात. जेवणखाण, गणवेशाची धुलाई-इस्त्री, प्रवास यांसाठी रोज चार तास धरले तर ४४ राहतात. रोज दोन तास स्वतःचा अभ्यास आणि रुग्णनोंदींचे लेखन केले तर ३०. कागदावर हे तीस तास अर्धवेळ नोकरीला पुरेसे दिसतात. प्रत्यक्षात ते एकसंध नसतात. या आठवड्यात सकाळपाळी, पुढच्या आठवड्यात दुपारपाळी, वरच्या वर्गात रात्रपाळी. मधूनच सामाजिक आरोग्य परिचर्येसाठी ग्रामीण भागात मुक्काम. अर्धवेळ काम देणाऱ्या मालकाला मात्र ठरलेले तास हवे असतात. रोज सायंकाळी पाच ते नऊ येईल अशी मुलगी त्याला चालते. ‘या आठवड्यात सायंकाळी, पुढच्या आठवड्यात सकाळी’ असे सांगणारी चालत नाही. तासांची बेरीज बाजारात विकली जात नाही, तासांचा सलगपणा विकला जातो. रात्रपाळीनंतरचा दिवसाचा तास आणि शांत झोपेनंतरचा तास यांत गुणवत्तेचा फरक पडतो तो वेगळाच.

मग विद्यार्थिनी जे काम मिळेल ते करते. शहरांतून घरगुती रुग्णसेवा पुरवणारे ‘ब्युरो’ आहेत, छोटी नर्सिंग होम आहेत. तेथे रात्रीची ड्यूटी मिळते. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये परिचारिका म्हणून काम करण्यास नोंदणी लागते आणि विद्यार्थिनीची ती झालेली नसते. त्यामुळे ती तेथे कायद्याने केवळ मदतनीस असते. मदतनिसाचा मोबदला आणि परिचारिकेकडून असते तशी अपेक्षा, असा व्यवहार होतो. चूक झाल्यास जबाबदारी कोणाची, हे अशा ठिकाणी लेखी नसते. शिवाय तेथील अनुभव तिच्या प्रात्यक्षिक-नोंदवहीत धरला जात नाही. एकाच प्रकारचे काम ती दिवसा शिक्षण म्हणून विनामूल्य करते आणि रात्री अल्पमूल्याने करते.

ही परिस्थिती समजून घेण्यासाठी गॅरी बेकर यांच्या ‘ह्यूमन कॅपिटल’ (१९६४) या ग्रंथातील एक भेद उपयोगी आहे. परीक्षार्थींनी तो लक्षात ठेवावा. बेकर प्रशिक्षणाचे सर्वसाधारण व विशिष्ट असे दोन प्रकार करतात. विशिष्ट प्रशिक्षण एकाच आस्थापनेत उपयोगी पडते, म्हणून त्याचा खर्च उचलण्यात ती आस्थापना वाटा घेते. सर्वसाधारण प्रशिक्षण कुठेही उपयोगी पडते. प्रशिक्षित व्यक्ती उद्या दुसरीकडे गेली तर पहिल्या मालकाचा खर्च वाया जाईल. म्हणून स्पर्धात्मक बाजारात असा खर्च प्रशिक्षणार्थीच सोसतो, कमी वेतन स्वीकारून किंवा विनावेतन राबून. परिचर्येचे प्रशिक्षण पुण्यात घ्या वा दिल्लीत, ते सर्वत्र चालते. आखाती देशांत आणि ब्रिटनमध्येही चालते. म्हणूनच त्याचा भार विद्यार्थिनीवर येतो. खासगी संस्थांनी वापरलेली सेवाबंधाची पद्धत म्हणजे सर्वसाधारण प्रशिक्षणाला जबरीने विशिष्ट बनवण्याचा प्रयत्न होय. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याविरुद्ध आणि अपुऱ्या वेतनाविरुद्ध २०११-१२ मध्ये दिल्ली, मुंबई आणि केरळमधील खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी जी आंदोलने केली, त्यांचे आर्थिक मूळ येथे आहे.

बेकर यांच्या सिद्धान्तात मात्र एक जागा सुटते. प्रशिक्षणाचा लाभ परिचारिका आणि मालक या दोघांपुरता नसतो. संसर्ग वेळीच ओळखला गेला, बाळंतपण सुखरूप झाले, लसीकरण पूर्ण झाले, तर लाभ सबंध समाजाला होतो. या बाह्य लाभामुळे खर्चाचा काही भाग सार्वजनिक निधीतून यावा, असा निष्कर्ष निघतो.

विद्यार्थिनीच्या श्रमावर रुग्णालय चालवण्याची रीत जुनी आणि जागतिक आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने प्रशिक्षणशाळा निघाली, तेव्हा उमेदवार स्त्रिया वॉर्डात राबतच शिकत. अमेरिकेत १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने रुग्णालयांच्या गरजेपुढे विद्यार्थिनींचे शिक्षण दुय्यम ठरते, यावर बोट ठेवले. ब्रिटनने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रोजेक्ट २०००’ योजनेद्वारे विद्यार्थिनींना वॉर्डातील मंजूर मनुष्यबळाबाहेर, म्हणजे संख्याबाह्य, मानले. त्या देशाचा पुढचा अनुभवही बोलका आहे. इंग्लंडमध्ये २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांचे विद्यावेतन बंद करून कर्जपद्धती आणली गेली आणि त्या वर्षी परिचर्येच्या अर्जांत जवळपास एक-चतुर्थांश घट झाली. २०२० मध्ये वर्षाला किमान ५,००० पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. संधी-खर्च पुस्तकी कल्पना नाही, हे यावरून दिसते.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे एक वेगळे उत्तर सापडते. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. विधवा आणि गरजू स्त्रियांना स्वावलंबी करणे हा संस्थेचा हेतू होता आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांचे प्रशिक्षण हा त्या कार्याचा महत्त्वाचा भाग होता. वरच्या जातींतील स्त्रीने परपुरुष रुग्णाची शुश्रूषा करणे त्या काळी निंद्य मानले जाई. त्या लोकापवादाला तोंड देताना संस्थेने निवासाची व्यवस्थाही केली. सुधारणेचा इतिहास लिहिताना निवासाची ही बाब किरकोळ म्हणून सोडली जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती कळीची आहे. निवास आणि भोजन यांची हमी मिळाली की विद्यार्थिनीला अर्थार्जनासाठी तिसरी पाळी करावी लागत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आलेल्या भोर समितीच्या अहवालाने (१९४६) सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवून १९७१ पर्यंत ५०० लोकसंख्येमागे एक असे उद्दिष्ट सुचवले. त्याच वर्षी दिल्लीत परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्यास राजकुमारी अमृत कौर यांचे नाव दिले गेले. वेल्लोर येथेही १९४६ मध्येच परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेचा पाया घातला गेला. परिचारिकांच्या सेवाशर्तींचा विचार १९५४ च्या शेट्टी समितीने आणि १९८७ मध्ये नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन यांच्या उच्चाधिकार समितीने केला. समित्यांची वाण कधीच नव्हती.

पुणे येथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील परिचर्या अभ्यासक्रम हे आजचे उलट टोकाचे उदाहरण होय. तेथे निवास, भोजन आणि विद्यावेतन शासन देते. बदल्यात विद्यार्थिनी सैनिकी परिचर्या सेवेत काम करण्याचा करार करते. हाही सेवाबंधच आहे. परंतु येथे मालकाने प्रशिक्षणाचा खर्च खरोखर उचललेला असतो आणि पुढची नोकरी अधिकारीपदाची असते. विद्यार्थिनीकडूनच शुल्क घेऊन वर तिला बांधून ठेवणे आणि हे, यांत नाव तेवढे समान आहे.

सार्वजनिक मदतीच्या योजना अनेक आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून, आठ लाख रुपयांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेत, व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. हा स्वागतार्ह निर्णय उघड खर्चाची काळजी घेतो. सोडलेल्या उत्पन्नाची भरपाई मात्र त्यात नाही. त्या दृष्टीने शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये सुरू झालेली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अधिक मर्मग्राही म्हणावी लागेल. सुरुवातीच्या निर्णयानुसार मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये, देण्याची तरतूद होती. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेचे सूत्रही हेच. अशी रक्कम वेळेवर मिळाली तर रात्रीची ब्युरोची ड्यूटी सोडता येते. सहा महिने उशिरा मिळाली तर दरम्यान ती ड्यूटी करावीच लागते. येथे रकमेइतकीच तारीखही महत्त्वाची आहे.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचा एक वर्ग आणखी आहे. जीएनएम पदविका घेऊन अधिपरिचारिका झालेल्या स्त्रिया पुढे पोस्ट बेसिक पदवीकडे वळतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९० च्या दशकात अशा सेवारत परिचारिकांसाठी दूरशिक्षणाने हा अभ्यासक्रम उपलब्ध केला. त्यांची नोकरी आणि प्रात्यक्षिक एकाच क्षेत्रातले असल्याने ताण थोडा हलका होतो. मात्र घरची पाळी त्यांना चुकत नाही.

विद्यार्थिनीच्या श्रमाचे सार्वजनिक मोल किती, हे मे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, अंतिम परीक्षेच्या प्रतीक्षेत असलेल्या जीएनएम व बी. एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ज्येष्ठ अध्यापकांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्यूटी देता येईल, असे केंद्र सरकारने जाहीर केले. शंभर दिवस सेवा पूर्ण करणाऱ्यांना शासकीय नियमित भरतीत प्राधान्य देण्याचेही ठरले. म्हणजे संकटकाळी हे हात पूर्ण मनुष्यबळात धरता येतात, हे शासनानेच मान्य केले.

विद्यार्थिनी इतका भार ज्या भावी वेतनाच्या आशेवर सोसते, ते वेतनही वादातीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत राज्य शासनाच्या परिचारिकांइतके आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली. आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांकडे गेली. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यमान वैद्यकीय महाविद्यालयांलगत १५७ नवी परिचर्या महाविद्यालये, सुमारे १,५७० कोटी रुपये खर्चून, उभारण्यास मंजुरी दिली. त्याच वर्षी संसदेने १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोग कायदा संमत केला. जागा वाढल्या की या शिक्षणाकडे वळणाऱ्यांत अल्प उत्पन्न गटांतील मुलींचे प्रमाण वाढणे स्वाभाविक आहे. तेव्हा आंतरवासितेच्या १,०५६ तासांसाठी देशभर एकच किमान विद्यावेतन ठरवायचे की नाही, हा निर्णय नव्या जागांच्या संख्येइतकाच तातडीचा ठरतो.